फ्लास्कवरची ड्युटी: तुम्ही विचारलंत म्हणून

“चिनी माल स्वस्त मिळतोय तर मिळू द्या की! सरकार ड्युटी लावून आमच्या खिशाला चाट का लावतं?” परदेशी माल त्याच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे विकला जातो त्याला डम्पिंग म्हणतात, आणि ते रोखायला लावलेल्या जादा आयात शुल्काला अँटी-डम्पिंग ड्युटी. या कामाशी ज्याचा संबंध आहे, त्याला हा प्रश्न चुकत नाही. मार्च 2025 मध्ये चीनमधून येणाऱ्या व्हॅक्यूम फ्लास्कवर टनामागे 1,732 डॉलर ड्युटी पाच वर्षांसाठी लागली, तेव्हापासून तर तो जास्तच येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलं असतं: दोन-चार कारखानदार दिल्लीला जातात, कुणाला तरी भेटतात आणि ड्युटी लावून आणतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

भेटून ड्युटी लागत नाही. माल स्वस्त आहे एवढ्यावरही लागत नाही. डम्पिंग झालंय, देशी उद्योगाचं नुकसान झालंय आणि ते डम्पिंगमुळेच झालंय, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तिसरीवर बरीच प्रकरणं लंगडी पडतात. नफा घटला खरा, पण त्याच वर्षी नव्या लाइनसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज सुरू झालं असेल, तर तेवढा भाग वेगळा काढावा लागतो. अर्जदाराने काढला नाही, तर निर्यातदाराचा वकील सुनावणीत काढतोच.

अर्ज करणंही सोपं नाही. पाठिंबा देणाऱ्या कारखान्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान 25 टक्के हवं, आणि विरोध करणाऱ्या कारखान्यांपेक्षा जास्त हवं. घरगुती वस्तूंचं घोडं इथेच अडतं. कारखाने लहान, विखुरलेले. वस्तूनिहाय खर्चाचा हिशोब ठेवलेला नसतो. काही जण निम्मा माल स्वतः बनवतात आणि निम्मा चीनहूनच आणून आपलं लेबल लावतात. असा कारखाना ‘देशी उद्योग’ या व्याख्येतून बाहेर काढला जाऊ शकतो. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त मार बसलाय, तेच पुष्कळदा अर्जाच्या दारापर्यंत पोचत नाहीत. आमच्या गावचा कारखाना बंद पडला तेव्हा सरकार कुठे होतं, असंही विचारतात. त्याचं एक कारण हे आहे.

चौकशी डीजीटीआर, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय, करतं. साधारण वर्षभर, फार तर दीड वर्ष. ड्युटीचा आकडा कसा निघतो तेही बघा. समजा एका फ्लास्कचा मूळ देशातला, कारखान्याच्या दारातला भाव 300 रुपये आहे, आणि आपल्याकडे पाठवताना जहाजभाडं, विमा, कमिशन वजा जाता निर्यातदाराच्या हाती 240 पडतात. हा झाला डम्पिंगचा फरक, 60 रुपये. मग आपल्या कारखान्याचा रास्त भाव काढतात, ज्याला एनआयपी (नॉन-इन्ज्युरियस प्राइस, म्हणजे नुकसान न होणारा भाव) म्हणतात. त्यात कारखान्याचा ढिसाळपणा धरत नाहीत: कच्चा माल, वीज, क्षमतेचा वापर, सगळं चौकशीचा काळ आणि आधीची तीन वर्षं यांतल्या सर्वोत्तम कामगिरीवर मोजायचं आणि भांडवलावर 22 टक्के परतावा द्यायचा. समजा हा भाव 400 आला आणि परदेशी फ्लास्क बेसिक ड्युटी (नेहमीचं आयात शुल्क) भरून इथे 360 ला पडतो. हा नुकसानाचा फरक, 40. आता 60 आणि 40 यांत जो लहान तो घ्यायचा. ड्युटी 40 रुपये, त्यापेक्षा एक पैसाही जास्त नाही. अमेरिकेत अशी मर्यादा नाही, ते डम्पिंगचा पूर्ण फरक लावतात. शिवाय डीजीटीआर फक्त शिफारस करतं. ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि शिफारस न स्वीकारल्याची उदाहरणं बरीच आहेत. दिल्लीला जाऊन ड्युटी आणणारे तेव्हा कुठे गेले होते?

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढे मात्र जपून बोलायला हवं.

“ते त्यांच्या देशात महाग विकतात आणि इथे स्वस्त, म्हणून ड्युटी,” असं एका वाक्यातलं उत्तर मी पूर्वी देत असे. चीनच्या बाबतीत ते पुरेसं नाही. चिनी कंपनीने आपण बाजारभावाच्या नियमांनी चालतो हे सिद्ध केलं नाही, तर तिचा तिथला भाव धरलाच जात नाही. त्याऐवजी ‘नॉर्मल व्हॅल्यू’, म्हणजे तुलनेसाठीचा मूळ भाव, बहुतेक वेळा भारतातल्या उत्पादनखर्चात रास्त नफा मिळवून बांधतात. कायद्यात याला आधार आहे, आणि सरकारी कर्ज, जमीन, वीज यांनी तिथले भाव वाकडे झालेले असतात हा युक्तिवाद मला पटतो. पण मग तुलना त्यांच्या घरच्या भावाशी होत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं.

आणि खिशाला चाट? फ्लास्कची ड्युटी वजनावर आहे. एक लिटरचा स्टीलचा फ्लास्क अर्धा किलोचा धरा, डॉलर 85 रुपयांचा धरा: साधारण 74 रुपये. तिच्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) हाही लागतो, पण त्याचं क्रेडिट व्यापाऱ्याला मिळतं, म्हणजे तो पुढच्या करातून वळता होतो. अँटी-डम्पिंग ड्युटीचं मिळत नाही, ती थेट खर्चात जाते. बंदरात 250 ला पडणाऱ्या फ्लास्कवर 74 आणि 1,200 ला पडणाऱ्यावरही 74. बोजा स्वस्त फ्लास्क घेणाऱ्यावर जास्त पडतो. वजनाऐवजी टक्क्यांनी लावली तर बिलात किंमत कमी दाखवण्याचा मोह वाढतो, म्हणून वजन धरतात. कारण समजतं, पण बोजा कुणावर पडतो ते त्याने बदलत नाही.

माझ्या मनात खरी खळबळ केली ती अमेरिकेतल्या वॉशिंग मशीनच्या प्रकरणाने. 2011 च्या अखेरीस व्हर्लपूलने अर्ज केला: सॅमसंग आणि एलजी कोरिया व मेक्सिकोतून डम्पिंग करतात. 2013 च्या सुरुवातीला ड्युटी लागली. तोवर दोन्ही कंपन्यांनी उत्पादन चीनला हलवायला घेतलं होतं. व्हर्लपूलने 2015 मध्ये चीनविरुद्ध अर्ज केला, 2017 मध्ये तीही ड्युटी लागली. तोवर मशिनं थायलंड आणि व्हिएतनाममधून येऊ लागली होती. ड्युटी देशाच्या नावावर लागते आणि कारखाना देश बदलू शकतो. या काळात ग्राहकाला भाववाढ फारशी जाणवली नाही, आणि अर्जदाराला संरक्षणही मिळालं नाही.

मग 2018 मध्ये अमेरिकेने सेफगार्ड लावला, म्हणजे आयात वाढून देशी उद्योगाला मार बसला की लावतात ती ड्युटी. त्यात डम्पिंग सिद्ध करावं लागत नाही आणि जवळजवळ सगळे देश सापडतात. पहिल्या वर्षी 12 लाख मशिनांपर्यंत 20 टक्के, पुढे 50 टक्के. आता पळायला देश उरला नाही. फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब मांडला: वॉशिंग मशीन सुमारे 12 टक्क्यांनी महागलं. कपडे वाळवायचं मशीन, ज्यावर एक डॉलरही ड्युटी नव्हती, तेही जवळपास तितकंच महागलं, कारण तिथे दोन्ही जोडीनं विकली जातात आणि दुकानदार दोघांची किंमत बरोबरीत ठेवतो. सॅमसंगने दक्षिण कॅरोलायनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने उभे केले, व्हर्लपूलचंही काम वाढलं, एकूण सुमारे 1,800 नोकऱ्या आल्या. पण एका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला 8 लाख डॉलरहून जास्त मोजले.

हा हिशोब तुम्ही माझ्यासमोर ठेवलात तर मी तो नाकारणार नाही. फक्त एवढं म्हणेन की तो सेफगार्डचा आहे, नुकसानाच्या फरकापुरत्या मर्यादित ड्युटीचा नाही. आणि बंद पडलेल्या प्रेसशॉपमधला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागातला) डाय, म्हणजे साचा, बनवणारा कारागीर पाच वर्षांनी परत मिळत नाही, हे त्या हिशोबात येत नाही. हे उत्तर मला स्वतःलाही दरवेळी पुरतं असं नाही. फ्लास्क उद्या व्हिएतनामहून आला तर? चिनी भाग आणून तिथे नुसती जुळणी होत असेल, तर पळवाटेविरुद्धच्या नियमाखाली चौकशी मागता येते. पण स्टीलच्या पत्र्यापासून सगळं तिथेच बनत असेल, तर नवा अर्ज, नवे पुरावे, पुन्हा वर्ष-दीड वर्ष.

आणि हो, ग्राहकाचं कुणी ऐकत नाही म्हणता. अँटी-डम्पिंगच्या 1995 च्या नियमांत, वस्तू किरकोळ दुकानांत विकली जात असेल तर ग्राहक संघटनांना चौकशीत म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. फ्लास्कची ड्युटी 2030 मध्ये संपते. ती वाढवायची असेल तर त्याआधी सनसेट रिव्ह्यू (मुदत संपण्याआधीची फेरतपासणी) होईल आणि चौकशीची सूचना जाहीर होईल. देशी कारखान्यांनी या पाच वर्षांत किती क्षमता वाढवली, 300 ते 500 रुपयांतला फ्लास्क ते बनवायला लागले का, इतर देशांतून आयात किती वाढली, हे तेव्हा लेखी विचारा. मीही हेच आकडे बघणार आहे.