एका पिनेची मंजुरी

भोसरी एमआयडीसीतील आमच्या युनिटमध्ये गिअरबॉक्ससाठी लागणारी १२ मिलिमीटर व्यासाची पिन तयार होत असे. भारत-थायलंड करारानुसार ८२ वस्तूंवरील आयात शुल्क सप्टेंबर २००४ पासून टप्प्याटप्प्याने घटत सप्टेंबर २००६ मध्ये शून्यावर आले. त्या यादीत गिअरबॉक्स आहे, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. तिकडची पिन आमच्या पिनेपेक्षा स्वस्त पडेल का, एवढाच हिशेब आम्ही करत बसलो. प्रत्यक्षात तिकडची सुटी पिन कधी आलीच नाही. आमच्या ग्राहकाने एका मॉडेलसाठी तयार गिअरबॉक्सच मागवायला सुरुवात केली आणि आमच्या पिनेबरोबर शेजारच्या गाळ्यात बनणारा गिअरबॉक्सचा फोर्क हा भागही ग्राहकाच्या मागणीच्या शेड्यूलमधून गळाला.

पुढे दुसऱ्या एका कंपनीने इथेच असेंब्ली करण्याचे ठरवले, परंतु तिची अट पीपीएपीची, म्हणजे उत्पादन सुरू होण्यापूर्वी भागाला मिळवायच्या मंजुरीची होती. अठरा बाबींपैकी आम्हाला लागू असलेली कागदपत्रे नमुन्यांसह सादर करायची होती. त्यातील बरीचशी, खरे सांगायचे तर, कागदावरच निभावली. अडलो ते मोजमापात. तीन तपासनिसांनी त्याच दहा पिना प्रत्येकी तीनदा मोजायच्या आणि मोजण्यातील फरक दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा; तीस टक्क्यांच्या वर गेला तर मोजण्याची पद्धतच बाद. आमचा आकडा ३४ आला. सर्वांत जुने तपासनीस रॅचेट, म्हणजे दाब सारखा ठेवणारी टोकाची मूठ, न वापरता मायक्रोमीटर हाताने आवळत, आणि वीस वर्षे ज्यांच्या मापावर माल पाठवला, त्यांना हे सांगायचे कोणी, यातच आठवडा गेला. शेवटी कोणालाच काही न सांगता आम्ही एअर गेज, म्हणजे हाताच्या जोराऐवजी हवेच्या दाबावर व्यास मोजणारे उपकरण, घेतला. फरक ९ टक्क्यांवर आला.

त्यानंतर सीपीके, म्हणजे उत्पादन ठरलेल्या मर्यादेत किती खात्रीने बसते ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितके चांगले. व्यासाला फक्त १८ मायक्रॉनची सूट होती आणि १.६७ हवे असताना आमचा आकडा १.१ होता. ओळीने निघालेल्या पिना त्याच क्रमाने मोजल्यावर दिसले की ग्राइंडिंगचे चाक झिजत जाई तसतसा व्यास वाढत होता, आणि चाक ड्रेस कधी करायचे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून पुन्हा धारदार कधी करायचा, हे ऑपरेटरच्या अंदाजावर चालत होते. ठरावीक नगांनंतर ड्रेसिंग सक्तीचे केले, सकाळी थंड यंत्रावर निघणारे पहिले नग वेगळे काढले, तेव्हा आकडा १.७४ वर गेला. सलग ३०० नगांचे उत्पादन ग्राहकाच्या अभियंत्याने उभे राहून पाहिले आणि वॉरंटवर, म्हणजे मंजुरीच्या कागदावर, सही केली.

भावाची बोलणी मात्र त्याहून कठीण गेली. खरेदी अधिकाऱ्याने आयात गिअरबॉक्सचा हिशेब समोर ठेवला. त्यात शुल्काच्या रकान्यात शून्य होते. आमच्या दरपत्रकात ४ टक्के रिजेक्शन, म्हणजे बाद जाणारा माल, वर्षानुवर्षे धरलेले होते, ते खोडून त्याने १ लिहिले. परदेशी माल मजुरीमुळे स्वस्त पडतो असे मी तोवर सर्वांना सांगत असे. त्या दिवशी त्या ४ टक्क्यांचा बचाव मला करता आला नाही. पोलादाच्या बारचा भाव आणि यंत्राच्या कर्जाचे व्याज यांवर मात्र मी अडून राहिलो, आणि तेवढे त्याने मान्य केले.

दरवर्षी ३ टक्के दरकपात, तीन वर्षे, या अटीवर ऑर्डर मिळाली. पूर्वी महिन्याला ३० हजार पिना जात. पहिल्या महिन्याचे शेड्यूल ८ हजारांचे आले.