गुडघ्याच्या सांधेरोपणानंतरची फिजिओथेरपी: माझी आखणी

सांधेरोपणाची तारीख ठरताच मी पुण्यातील घराजवळच्या फिजिओथेरपी केंद्रांची चौकशी सुरू केली, कारण शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून केंद्रे पाहत हिंडणे जमणार नव्हते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे सुरुवातीला थेरपिस्टने घरी यावे आणि टाके निघून जिना जमू लागला की मी केंद्रात जावे, असे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरले.

केंद्र निवडताना यंत्रसामग्रीपेक्षा दर वेळी तोच थेरपिस्ट मिळणे मला महत्त्वाचे वाटले. एका केंद्रात उपकरणे उत्तम होती, पण ते दुसऱ्या मजल्यावर होते आणि तिथेही लिफ्ट नव्हती. गुडघ्याच्या रुग्णांनी वर कसे यायचे, हा प्रश्न तिथे बहुधा कोणी विचारलाच नसावा. रिक्षात पाय लांब करता येत नाही, म्हणून भाचीच्या मोटारीने जायचे ठरवले आणि तिच्या कचेरीच्या वेळेआधीची वेळ मागून घेतली. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, खाऊन घ्यायला सांगितली होती, त्यामुळे नाश्ताही लवकर उरकावा लागे.

गुडघा किती वाकतो, हे भेटायला येणारा प्रत्येकजण विचारत असे. थेरपिस्टचा भर मात्र तो पूर्ण सरळ होण्यावर होता. खुर्चीतून उठण्या-बसण्यासाठी साधारण ९० अंश वाक लागतो, परंतु गुडघा सरळ झाला नाही तर चाल लंगडी राहते आणि मांडीच्या स्नायूंवर ताण येतो, असे त्यांनी समजावले. म्हणून गुडघ्याखाली उशी घेण्यास सक्त मनाई होती; गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवायचा. प्रेमाने उशी सरकवणाऱ्या नातेवाइकांना आवरणे हे व्यायामाहून अवघड होते! जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा क्रम त्यांनी घरच्याच जिन्यावर घोटून घेतला. पोटरी अचानक दुखू लागली, सुजली किंवा धाप लागली तर व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठायचे, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवले होते.

विम्याची पॉलिसी आधीच वाचली होती. रुग्णालयातून सुटी झाल्यानंतरचा खर्च तीत ठरावीक मुदतीपुरताच मिळत होता आणि फिजिओथेरपीसाठी डॉक्टरांची लेखी शिफारस व तारखेसह पावत्या लागत होत्या. त्यामुळे केंद्रातल्या बहुतेक भेटी त्या मुदतीत बसवल्या आणि पुढे थेरपिस्टने लिहून दिलेले व्यायाम घरीच सुरू ठेवले.