आमची वाटचाल: मुंडकी, हात आणि एक ओकचं कपाट

आम्ही शिशाचे जुने खेळण्यातले शिपाई दुरुस्त करतो. सुरुवातीला दोन माणसं आणि एक टेबल एवढंच होतं. रंगाचं मी बघायचो, ओतकाम पार्टनरकडे. त्याच्या हाताला सफाई होती हे आजही मान्य करतो. ५४ मिलिमीटरच्या शिपायाचा गेलेला हात, त्याचा सिलिकॉनचा साचा काढून नवा हात ओतायचा आणि तो खांद्याच्या खुंटीवर असा बसवायचा की जुन्यासारखा फिरला पाहिजे पण लोंबकळता कामा नये, हे त्याला पहिल्या महिन्यातच जमलं. मी मात्र पहिल्याच वर्षी एका घोड्याच्या मोडलेल्या पायाला सोल्डरिंगचा डाग द्यायला गेलो आणि गुडघ्याखालचा पाय थेंब होऊन टेबलावर पडला. शुद्ध शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, त्यात अँटिमनी हा धातू मिसळलेला असला की त्याच्या आधीच, आणि आपलं सोल्डरिंग आयर्न आरामात ३५० ला असतं. त्यात हे ओतकाम आतून पोकळ, भिंत अगदी पातळ. तेव्हापासून पितळी तारेची पिन आणि एपॉक्सीचा गोंद, बास.

मग पार्टनर गेला. साचे घेऊन गेला, गिऱ्हाइकांची वहीही घेऊन गेला. त्याची पद्धत सोपी, आलेला शिपाई सरळ पेंट रिमूव्हरमध्ये बुडवायचा, सगळा जुना रंग काढायचा, वर चकाचक इनॅमल मारायचं, की गिऱ्हाईक खूश. अहो, ब्रिटन्स या इंग्लिश खेळण्यांच्या कंपनीनं १८९३ ला पोकळ ओतकाम आणलं आणि १९६६ ला शिशाचं बंद केलं, म्हणजे त्यांचा सगळ्यात तरुण शिपाईसुद्धा आज साठीच्या घरात, आणि कलेक्टर पैसे मोजतो ते त्या जुन्या रंगाचे. तो एकदा गेला की राहिलं काय, धातूचा तुकडा. आम्ही फक्त उडालेल्या जागी टचअप करतो, खाली व्हार्निशचा थर देऊन वर ॲक्रिलिक, म्हणजे उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर खालच्या रंगाला धक्का न लागता निघतं. नव्या लालात बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, किंचित मिसळल्याशिवाय तो जुन्या लालाशेजारी बसत नाही, आणि हे दिवसाच्या उजेडातच बघा, ट्यूबलाइटखाली हमखास फसाल.

पण आम्ही बुडालो ते पार्टनरमुळे नाही, कपाटामुळे. चार पैसे आले म्हणून हौसेनं ओकचं कपाट करून घेतलं, काचेची दारं, फटीला रबर, धूळ जायला नको म्हणून. त्यात एका कलेक्टरची साठेक माणसं ठेवली, अख्खं बँड पथक होतं. तीन महिन्यांनी दार उघडलं तर घोट्यांवर राखाडी पीठ. ओकमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ सुटते, बंद जागेत ती कोंडते, आणि शिशाचं कार्बोनेट होत जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, कुठंतरी वाचलेलं होतं, पण सुंदर कपाट समोर असलं की वाचलेलं आठवत नाही. ब्रशनं पीठ झटकता येतं, खाल्लेलं शिसं परत येत नाही. एकवीस शिपाई गेले. पैसे खिशातून भरले, कर्ज काढलं, हेल्परला जा म्हणावं लागलं. आणि ते गृहस्थ (नाव घेत नाही) सगळीकडे सांगत सुटले की ह्यांच्याकडे शिपाई द्या, पीठ घेऊन या. ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

त्या वर्षी फक्त काका आले, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा एक ढोलवाला आहे, मुंडकं मानेत काडेपेटीच्या काडीवर बसवलेलं, त्यांच्या वडिलांनी बसवलेलं. पहिल्यांदा आणला तेव्हा मी म्हटलं, "काका, काडी काढून पितळी पिन टाकतो, कायमचं काम होईल." तर म्हणाले, "काडीला हात लावायचा नाही, मुंडकं हलतंय तेवढं बघ." त्या पडत्या काळात त्यांनी उरलेला सगळा संच आणून टेबलावर मांडला. म्हटलं, काका, कपाटाचं ऐकलं ना तुम्ही? म्हणाले, "ऐकलं म्हणूनच आणला. आता तू ओकच्या आसपास फिरकणार नाहीस."

पुढची दहा-बारा वर्षं काम चालू राहिलं. आता स्टीलचं कपाट आहे, त्यात सिलिका जेल, पुठ्ठ्याचे खोके हद्दपार कारण पुठ्ठाही वाफ सोडतो. तुमच्याकडे असतील तर आजच बदला. आणि शिसं कोरडं घासू नका, ओलं करून घासा, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका. सुपरग्लूनं जोडलेले तुकडे आणले की मला राग येतो, निम्मा वेळ तो ग्लू काढण्यात जातो, त्याचे पैसे वेगळे लावतो.

ढोलवाला गेल्या आठवड्यात परत आलाय. काडी चेपलीय, मुंडकं डावीकडे कलतंय. काडीच्या बाजूनं टिश्यू पेपरची बारीक पट्टी गुंडाळून बघतोय, काका शनिवारी येणारेत.