"रिलीज कधीपासून हवा?"

हिंजवडीच्या कार्यालयात माझ्या पेमेंट्स टीमसाठी एक जागा मंजूर झाली, तेव्हा बाहेरून माणूस घेण्याआधी ती काही दिवस अंतर्गत पोर्टलवर ठेवणे बंधनकारक होते. सहा अर्ज आले. सध्याच्या टीममध्ये 18 महिने पूर्ण न झालेले दोघे नियमानेच बाद झाले. उरलेल्या चौघांची अप्रेझल रेटिंग मी पाहिली आणि, सांगायला संकोच वाटतो, सरासरी रेटिंगचे दोन अर्ज न वाचताच बाजूला ठेवले.

बाहेरच्या उमेदवाराला आपण काही तासांच्या मुलाखतींवरून जोखतो. घरच्या उमेदवाराचे मात्र कोड रिव्ह्यू (सहकाऱ्यांचा कोड तपासून दिलेले शेरे), डिझाइनची टिपणे, बिघाडांचे अहवाल असे सारे समोर असते. तरीही आपण पहिला फोन करतो तो त्याच्या मॅनेजरला. मीही त्या गुरुवारी तोच केला. पसंतीच्या पहिल्या उमेदवाराचे त्यांनी तोंडभर कौतुक केले आणि मुलाखतही झालेली नसताना विचारले, "मग रिलीज कधीपासून हवा?" म्हणजे, त्याला आमच्या टीममधून मोकळे कधी करू? डिलिव्हरी तोंडावर असताना कामाचा माणूस इतक्या सहज कोणी सोडत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा मिळून तयार व्हायला महिने जातात. मला ते खटकले.

दुपारी त्याचे कोड रिव्ह्यू काढून बसलो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एका शब्दाची संमती होती. त्यांतल्याच एका बदलामुळे पुढे बिघाड झाला होता: टाइमआउटनंतर, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यावर, तीच विनंती पुन्हा गेली आणि ग्राहकांना परतावा दोनदा जमा झाला. प्रत्येक व्यवहाराला एकच ओळखक्रमांक देऊन पुनरावृत्ती कशी अडवावी, हे त्या बिघाडाच्या अहवालात नेमके लिहिले होते, आणि चाचणीत राहून गेलेली स्वतःची पायरी लेखिकेने पहिल्याच परिच्छेदात नोंदवली होती. ही लेखिका मी बाजूला ठेवलेल्या दोघांपैकी एक निघाली. (मायक्रोसॉफ्टने सक्तीची प्रतवारी, म्हणजे प्रत्येक टीममधल्या ठरावीक लोकांना वरच्या-खालच्या श्रेणीत बसवण्याची पद्धत, 2013 मध्ये सोडली, आमच्याकडे मात्र आठ जणांच्या टीममध्येही कोणाला तरी सरासरीत बसवावेच लागे.)

तिच्या मॅनेजरना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले. "तिला एवढ्यात हलवू नका," ते म्हणाले, "मार्चनंतर बघू." त्या दिवसभरात ऐकलेली खरी शिफारस हीच होती.

मुलाखत झाली, निवडही झाली. नियमाप्रमाणे 30 दिवसांत व्हायची बदली अकरा आठवडे रेंगाळली, आणि तिचे जुने मॅनेजर कँटीनमध्ये अजूनही माझ्या टेबलावर बसत नाहीत.