डिझेलमध्ये इथेनॉल? ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडं स्पष्ट

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल चालतं, मग डिझेलमध्ये का नाही, हा प्रश्न नाशिककडे हमखास येतो. निफाडच्या थंडीतच त्याचं उत्तर आहे.

काचेच्या बाटलीत ९० मिली डिझेल, १० मिली इथेनॉल घाला, झाकण घट्ट लावून हलवा. दुपारी एकजीव दिसेल. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला, की मिश्रण गढूळ होऊन दोन थर पडतात. त्यात चमचाभर पाणी असेल तर थंडीचीही गरज नाही. टाकीत हेच झालं तर पंप कधी नुसतं डिझेल ओढतो, कधी नुसतं स्पिरिट. म्हणून मिश्रण टिकवणारं रसायन लागतंच.

दुसरी अडचण सिटेनची, म्हणजे इंधन दाबाखाली किती पटकन पेट घेतं त्या आकड्याची. डिझेलचा सिटेन पन्नाशीच्या आसपास, इथेनॉलचा जेमतेम आठ. पेट उशिरा घेतो, मग एकदम भडका. इंजिन ठोकतं, सकाळी स्टार्ट होत नाही. शिवाय पंप आणि नोझलला डिझेलचंच वंगण असतं, ते पातळ होतं. जुने रबरी सील फुगतात. १० टक्क्यांना ऊर्जा साधारण ४ टक्के घटते, हे त्यामानाने किरकोळच.

खरा धोका टाकीत: इथेनॉल १३ अंशालाच पेट घेऊ शकणारी वाफ सोडतं. कॅनमधून ओतून प्रयोग नकोच.

नागपुरात २०१४ साली स्कॅनियाची इथेनॉल बस धावली, पण तिचं इंजिनच वेगळं: कॉम्प्रेशन (हवा दाबण्याचं प्रमाण) २८ला १, इंधनात पेट घ्यायला मदत करणारं रसायन. ब्युटेनॉल, हे इथेनॉलसारखंच दुसरं अल्कोहोल, मात्र डिझेलमध्ये सहज मिसळतं. माझा भरवसा त्यावर जास्त.