आमची वाटचाल : डाउनलोड्समधून मेनूपर्यंत

इंदूरच्या सियागंज, खजुरी बाजारातल्या दुकानांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून देणं हे आमच्या फर्मचं मूळ काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तसं ते वाढलं. हवं ते सॉफ्टवेअर बरेचदा अ‍ॅपइमेज म्हणून मिळतं. इन्स्टॉलची भानगड नाही, एकच फाईल. सायमन पीटर यांच्या २००४ मधल्या 'क्लिक' या प्रकल्पापासून चालत आलेली ही कल्पना. पण दुकानदार त्या फाईलवर डबल क्लिक करतो आणि काहीच उघडत नाही.

कारणं ठरलेली. डाउनलोड केलेल्या फाईलला चालवण्याची परवानगी नसते. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीपासून लिबफ्यूज२ (अशा बऱ्याच फाईलींना चालायला लागणारी लायब्ररी) सोबत येत नाही, आणि २४.०४ मध्ये तर त्या पॅकेजचं नावच लिबफ्यूज२टी६४ झालं. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर परवानगीची टिक त्यावर राहतच नाही. फाईल होम फोल्डरमध्ये आणावीच लागते.

आधी हे सगळं हाताने करायचो, मग स्क्रिप्ट लिहिली, आता छोटं टूल आहे. फाईल पहिल्यांदा उघडताना ते एवढंच विचारतं : 'मेनूत ठेवू का?' न विचारता ठेवणं आम्हाला पटत नाही. कुठून आलेली फाईल आहे कोण जाणे. 'हो' म्हटलं की ती ठरलेल्या फोल्डरात जाते, परवानगी मिळते, आतली डेस्कटॉप फाईल (मेनूतली नोंद हिच्यावरून बनते) आणि आयकॉन बाहेर काढून जागेवर लावले जातात. डेस्कटॉप फाईलमधल्या एक्झेक ओळीत (काय चालवायचं ते इथे लिहिलेलं असतं) नवा पूर्ण पत्ता घालायचा; फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर अवतरणात. उघडलेली खिडकी कोणत्या नोंदीची ते सांगणारं स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास जुळलं नाही, तर चालू प्रोग्रामचं दुसरंच आयकॉन खालच्या पट्टीत उभं राहतं आणि 'दोनदा उघडलं का हो?' असा फोन येतो.

खरी कसोटी काढून टाकताना. फाईल डिलीट झाली तरी मेनूत आयकॉन उरतं, त्यावर क्लिक केलं की नुसतं चक्र फिरतं. म्हणून डेस्कटॉप फाईलमधली ट्रायएक्झेक ओळ आम्ही कधीच सोडत नाही; त्या पत्त्यावर फाईल नसेल तर नोंद मेनूत दिसत नाही. फाईलच्या नावातला व्हर्जन नंबरही काढतो, नाहीतर प्रत्येक अपडेटला एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी.

पत्ता कायम राहिल्याचा आणखी एक फायदा झाला. उबुंटू २४.०४ मध्ये कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या अ‍ॅपआर्मरच्या निर्बंधामुळे इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवायची चौकट) बनलेले काही प्रोग्राम सुरूच होत नाहीत. बरेच जण 'नो-सँडबॉक्स' लावून, म्हणजे प्रोग्रामभोवतीचं सुरक्षेचं कुंपण (सँडबॉक्स) काढून, मोकळे होतात. आम्ही त्या पत्त्यापुरतं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल (नियमांची फाईल) लिहितो, सँडबॉक्स तसाच ठेवतो.