तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही चौघं परत का गेलो नाही

"न्यूझीलंडच्या त्या ट्रिपनंतर तुम्ही चौघं परत कुठे एकत्र का नाही गेलात?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. "सुट्ट्याच जुळत नाहीत हो." कधी म्हणते, "एका मोटरहोममध्ये चार माणसं, दहा दिवस, जरा जास्तच होतं." दोन्ही खरं नाही. सुट्ट्या जुळतात. आणि गाडीत आम्ही मजेत होतो.

हे दुसरं मला ठासून सांगायचंय, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच "तरी म्हटलं!" असं उमटतं. दोन जोडपी एका गाडीत राहिली की मैत्री संपते, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आमची तिथे संपली नाही. रोज सकाळी डम्प स्टेशनवर टॉयलेटची कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायचं काम माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने न सांगता अंगावर घेतलं होतं. रात्री जेवणाच्या टेबलाचा पलंग ती करायची, सकाळी मी मोडायचे. पुढे माझा नवरा गाडी चालवायचा, शेजारी नकाशा घेऊन मी. कुणी कुणावर रुसलं नाही.

तेकापो, लिंडिस पास, अ‍ॅरोटाउन हे फोटोंत पाहिलंयत तुम्ही. एकच गोष्ट फोटोत येत नाही. तिथला एप्रिलमधला शरद, ते पिवळेधमक पॉपलर आणि विलो, ही सगळी बाहेरून आलेल्या लोकांनी लावलेली झाडं. तिथलं मूळचं जंगल पानं झडू देत नाही. त्यामुळे वानाकाहून हास्ट पासकडे निघालं की मकारोराच्या पुढे पिवळा रंग मागे पडत जातो आणि बीच नावाच्या झाडांचं गर्द हिरवं रान सुरू होतं. ती म्हणाली होती, "अगं, शरद संपला की काय?" त्या दिवसातलं तिचं हसऱ्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य मला आठवतं.

सगळं प्लॅनिंग माझं होतं. कुठे मुक्काम, किती किलोमीटर, कुठे डिझेल, वहीत तासांसकट लिहिलेलं. आणि तिथेच मी चुकले होते. नकाशावरचा वेळ छोट्या गाडीचा असतो. आमची गाडी साडेतीन टनांच्या वरची, तिला मोकळ्या रस्त्यावरही 90 ची मर्यादा, आणि घाटात तर ती त्याच्या निम्म्यानेही धड जात नाही. शिवाय एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. सहा वाजता लख्ख उजेड असेल असं समजून आखलेला दिवस साडेपाचलाच कलायला लागला. त्यात हावेआ तळ्याच्या काठी फोटो काढण्यात आमचा तासभर गेला. तोही माझ्याच हट्टाने.

आणखी एक. सकाळी वानाकाच्या हॉलिडे पार्कमधून निघताना तिने विचारलं होतं, "पाणी भरून घ्यायचं ना?" मी म्हटलं, "राहू दे, संध्याकाळी हास्टला भरू. उगीच शंभर लिटरचं ओझं घाटात कशाला?" टाकीचा काटा तेव्हाच तळाशी होता.

घाटमाथ्यावर थांबलो, गॅसवर पाणी उकळलं, थर्मासमध्ये भरलं आणि लगेच निघालो, कारण मी घाई लावली होती. पलीकडचा उतार तीव्र आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली हास्ट नदी. पाऊस भुरभुरत होता. तिचा नवरा मागच्या सीटवर कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता. मी मान वळवून तिला म्हटलं, "तेवढा चहा दे ना, डोकं धरलंय." ती म्हणाली, "थांबल्यावर देते." मी म्हटलं, "आता काही थांबत नाही आपण. दे गं, सरळ रस्ता आहे."

रस्ता सरळ नव्हता. नकाशा माझ्याच मांडीवर होता.

तिने पट्टा काढला, उठली, ओट्याला टेकून थर्मासचं झाकण फिरवलं. वळण संपलं आणि समोर एकपदरी पूल. तिथे पुलाआधी पाटी असते. छोटा लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. बाण लाल होता आणि समोरून एक गाडी पुलावर आलेली. नवऱ्याने ब्रेक दाबला. दाबायलाच हवा होता.

ती ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला. सगळं पाणी डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. जाड लोकरी बाही होती, तिने ते उकळतं पाणी धरून ठेवलं. मी बाही वर करून हात सिंकमध्ये धरला, नळ सोडला. पंप नुसता घरघरला. थोडं थुंकल्यासारखं पाणी आलं आणि मग हवा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

भाजल्यावर वीस मिनिटं गार वाहतं पाणी, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गाडी बाजूला घेऊन टॉर्चच्या उजेडात दगडांवरून तिला ओढ्याशी नेलं. ती गुडघ्यांवर बसली, मी तिचा हात पाण्यात धरला. पाणी इतकं थंड की माझी बोटं बधिर झाली. हाताला सूज चढायच्या आत मनगटातली बांगडी निघायला हवी होती. ती मी साबण लावून ओढत होते आणि ती दात आवळून "ओढ, ओढ" म्हणत होती. सँडफ्लाय चावत होत्या. फोनला रेंज नव्हती. तिचा नवरा घड्याळ धरून उभा होता. वीस मिनिटं झाल्यावर तो माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाला, "जरा हळू चालवायची होतीस रे."

माझा नवरा काही बोलला नाही. आणि ती म्हणाली, "त्याची चूक नाही, मीच पट्टा काढून उठले."

मी गप्प राहिले.

मागे वळून वानाका गाठायला दोन तास लागले. दवाखान्यात एसीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी अपघात-विमा योजनेचा, फॉर्म भरला. तिथे 1974 पासून ही योजना आहे, पाहुण्यांच्याही अपघाती इजेच्या उपचाराला ती लागू होते आणि चूक कुणाची हे बघत नाही. अपघात कसा झाला एवढंच विचारतात. तिने सांगितलं, चालत्या गाडीत चहा ओतत होते. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मी शेजारीच बसले होते.

पुढची कितीतरी वर्षं मीही लोकांना तेच सांगत आले, की ती पट्टा काढून उठली होती. मी स्वतःशी वादही घालते. ती मोठी बाई आहे, नाही म्हणू शकली असती. मग आठवतं, ती नाहीच म्हणाली होती. वाटतं, पाणी भरलं असतं तरी हात भाजलाच असता. हो, पण वीस मिनिटं पहिल्या सेकंदापासून मोजली गेली असती. त्वचेवरचा तो गुलाबी पट्टा कदाचित एवढा राहिला नसता. कदाचित राहिलाही असता. हे मला कुणीच सांगू शकणार नाही.

तिचा नवरा अजून माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसत नाही. काहीतरी कारण काढतो आणि आपली गाडी आणतो. ती आणि मी फोनवर बोलतो, मुलांचं, आईचं, सगळं. हास्टचं नाही. तिने मला दोन्ही नवऱ्यांसमोर का वाचवलं, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. तिने वाचवलं नसतं तर कदाचित आम्ही एकदा कडाडून भांडलो असतो आणि पुढच्या वर्षी परत निघालोही असतो. हे म्हणतानाही मी दोष तिच्याकडेच सरकवतेय का, तेही कळत नाही.

हे लिहून झाल्यावर नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "वळणावर वेग कमी करायला हवा होता मी."

मी म्हटलं, "चहा मी मागितला होता."

"माहितीये," तो म्हणाला. "शेजारीच होतो ना मी."